पाण्याला सांगायचं नाव

हात माझ्या आधी हलला. आम्ही वीसेक पोरंपोरी बूट हातात धरून नदीकाठच्या ओल्या वाळूत उभी होतो आणि एल्मा मावशी अजून मागे गवतातून काठी टेकत येत होती. तिने तोंड उघडायच्या आतच मी वाकले, मूठभर वाळू उचलली, काखेत चोळली आणि पाण्यात भिरकावली. घरातून निघताना दिव्याचं बटण बंद करावं, तितक्या सहज. मागचा काठीचा आवाज थांबला नसता तर माझ्या ध्यानातही आलं नसतं. मी वळून पाहिलं. एल्मा मावशी जागच्या जागी उभी होती आणि एकटक माझ्या हाताकडे बघत होती.

“हे तुला कुणी शिकवलं गं?”

“मासे पळतात त्याने,” मी म्हणाले. “ते काटेवाले. पायाला डंख मारतात ना, ते.”

“मासे!” मावशी मोठ्याने हसली. ती हसली की तिचं सगळं अंग हलतं. “आणि काखेत कशाला चोळलीस? माशांना घामाचा वास सोसत नाही होय?”

“हिचा घाम म्हणजे देवमासासुद्धा पळेल, मावशी,” जोएल म्हणाला. हा जोएल वर्गात माझ्या शेजारी बसतो आणि प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही. सगळे हसले, मीही हसले. हसता हसताच माझ्या ध्यानात आलं, काखेत कशाला, हा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता.

मग मावशीने सगळ्यांना जवळ बोलावलं. हा विषय आमच्या विद्यापीठात सगळ्यांनाच घ्यावा लागतो: गोरे यायच्या आधीपासूनचे इथले मूळ लोक, त्यांची जमीन, त्यांचं ज्ञान. निम्मे तास वर्गात होतात आणि निम्मे मावशीबरोबर असे उघड्यावर. मावशी नूंगार आहे, आणि ही नदी, हे शहर, वर्गाखालची जमीनसुद्धा नूंगार लोकांची. “ही नदी वागलने केली,” ती म्हणाली. “मोठा साप. तो सरपटला तिथे पाणी झालं. तो अजून आत आहे, त्यामुळे जरा शिस्तीत. दुसऱ्याच्या घरात शिरताना तुम्ही हाक मारता ना? तशी ही हाक. वाळूला तुमचा वास लागतो, वाळू पाण्यात जाते, आत कळतं कोण आलंय ते. आणि तोंडाने सांगायचं, मी अमकी, अमक्याची. नाव नुसतं सांगून भागत नाही. नुसतं नाव कुत्र्यालाही असतं. कुणाची, ते सांगायचं.” सगळ्यांनी खिदळत वाळू टाकली. पोरं पांगल्यावर मावशी माझ्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “आजीने शिकवलं ना? कुठली आजी?”

“माल्टाची.”

“आणि आजोबा?”

“तेही माल्टाचेच.”

“आजोबा असतील,” मावशी म्हणाली. तिने नदीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. “कुणाची गं तू?”

“कुणाची म्हणजे?”

“कुणाची म्हणजे कुणाची. पुढच्या गुरुवारी इथेच प्रत्येकाने सांगायचंय. घरी विचारून ये.”

परतीच्या बसमध्ये मी सगळ्यात मागच्या बाकावर, दाराजवळ बसले. मी कुठेही दाराजवळच बसते. सिनेमाला, वर्गात, दुसऱ्यांच्या घरी जेवायला. आजपर्यंत मी ही माझी एक लकब समजत होते. बाबाही असेच बसतात, भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असे, आणि आईने त्यांना त्यावरून किती चिडवलंय. बस पुलावर आली तेव्हा खाली नदी पसरलेली होती, कडेला काळे हंस मान पाण्यात घालून बसले होते, आणि लहानपणीचे सगळे रविवार एकदम माझ्या अंगावर आले. आजी त्या रविवारी टोपी घालायची, रुंद काठाची, आणि हातात पांढरे मोजे, भर उन्हाळ्यातसुद्धा. इतर लोक बसलेले असत त्यांच्याकडे ती पाठ करायची. आम्हा पोरांना पाण्यात सोडण्याआधी ती एक मोजा काढायची, वाकायची, वाळू उचलायची, ब्लाउजच्या गळ्यातून हात आत घालून काखेत फिरवायची आणि पाण्यात टाकायची, तीही कुणी बघत नाही ना हे बघून. तिचे ओठ हलायचे. “आजी, काय बोलतेस?” मी विचारायची. “मासे मोजते,” ती म्हणायची. मला ते पटलं होतं. मोठी माणसं काहीही मोजत असतात.

आजीला काही विचारायचं नाही, हा आमच्या घरातला एकुलता एक कायदा. तो कुणी केला ते माहीत नाही. बाबा म्हणायचे, “तिला जुनं काढून त्रास देऊ नका,” आणि विषय संपायचा. आम्हाला इतकं माहीत होतं की आजोबा, सॅल्व्हू ग्रेक, माल्टा बेटावरून बोटीने आले, शहराबाहेर भाजीचा मळा केला, आणि बाबा शाळेत असतानाच गेले. आजीचं नाव कार्मेन. कार्मेन ग्रेक. आम्ही सगळे उन्हात तांबूस होतो, तेव्हा बाबा लोकांना सांगायचे, “माल्टाच्या उन्हात भाजून आलोय आम्ही,” आणि लोक हसायचे. माल्टाचा नकाशा आजीच्या स्वयंपाकघरात टांगलेला होता, पण त्यावर बोट ठेवून तिने आम्हाला कधी एक गाव दाखवलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिला वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा तिथे महिन्यातून एकदा येणारा म्हातारा पाद्री माल्टाचा निघाला. कुणीतरी कौतुकाने त्याला आजीच्या खोलीत आणलं. तो बिचारा आनंदाने त्याच्या भाषेत भडाभडा बोलायला लागला, आणि आजीला त्या क्षणापासून ऐकू येईनासं झालं. कानाला हात लावून ती नुसती हसत राहिली. तो गेल्यावर दहा मिनिटांत तिला बाहेरच्या चहाच्या गाडीची खडखड ऐकू आली. आम्ही घरी येऊन हसलो होतो. बसमध्ये मला पहिल्यांदा वाटलं, तिला ती भाषा येतच नसावी.

मग एकेक गोष्ट आपणहून पुढे यायला लागली, मी नको म्हणत असताना. घरासमोर गाडी थांबली की आजी उठायची. कुणाचीही असो, टपालवाल्याची असो. आधी पडदा बोटभर बाजूला करून बघायची, मग आमचे चेहरे ओल्या फडक्याने खसाखसा पुसायची. तिच्या कपाटात डबे कायम भरलेले आणि सगळ्या डब्यांची तोंडं पुढे, घरात शिरणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसावं की इथे पोरांना खायला आहे. बाबांची एक ठरलेली गोष्ट होती, मित्र जमले, अंगणात मांस भाजायला लागलं की ते ती सांगायचे: “आमची आई म्हणजे कमाल. गाडी आली की मला धुण्याच्या टोपलीत घालायची, वर चादरी टाकायची. म्हणायची, लपाछपी. मी तासन् तास टोपलीत! एकदा तर मुतलो आत!” मित्र खो खो हसायचे. त्याच बैठकीत बाबा बागेत बसणाऱ्या मूळ लोकांवर एखादा विनोद करायचे आणि मित्र तेव्हाही तितकेच हसायचे. महिन्यापूर्वी वर्गात तो तास झाला होता. सरकारी माणसं गाडीतून यायची, घरं तपासायची, कपाटं उघडून डबे बघायची, अंगावरच्या रंगावरून पोरं निवडायची आणि दूर नदीकाठच्या वस्तीत नेऊन ठेवायची, ती पोरं बहुतेक परत यायची नाहीत. कपाटं उघडून, हे शब्द आले आणि मला दरदरून घाम फुटला. मी जोएलला खिडकी उघडायला सांगितली. “बाई, थंडीने मरतोय आपण,” तो म्हणाला. मला वाटलं, पित्त झालंय.

शुक्रवार, शनिवार मी कुणाशी धड बोलले नाही. भीती कशाची हेही नीट सांगता येत नव्हतं, आणि ज्या भीतीचं तोंड दिसत नाही ती फार छळते. खरं असेल तर? तर एका बाईने आयुष्यभर दोन्ही हातांनी दाबून धरलेलं झाकण मी कॉलेजच्या एका तासासाठी उघडणार. आणि खोटं असेल तर मी दुसऱ्यांचं दुःख अंगावर घालून मिरवणारी. तसे लोक आहेत, मावशीच एकदा त्यांच्याबद्दल बोलली होती, आणि तेव्हा ती हसली नव्हती. आरशासमोर उभी राहून मी स्वतःचं नाक बघायचे, मग त्याचीच लाज वाटून दिवा बंद करायचे. नाक बघून ठरवणाऱ्या माणसांबद्दलच तर आम्ही शिकत होतो. एक शब्द मात्र डोक्यातून जाईना. लहानपणी पडून गुडघा फुटला की आजी मांडीवर घ्यायची आणि जखमेवर फुंकर घालत म्हणायची, “न्यॉर्न, न्यॉर्न.” बिचारं माझं, असा काहीतरी त्याचा अर्थ. मी तो माल्टाचा शब्द समजत होते. कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई माल्टात जन्मलेली आहे. शनिवारी मी तिला विचारलं. “न्यॉर्न?” ती म्हणाली. “नाही बाई, आमच्याकडे नाही असलं काही.” मी पाव न घेताच बाहेर पडले.

रविवारी आजीकडे गेले. तिची खोली तळमजल्यावर आहे, खिडकी गाड्या लावतात त्या बाजूला. तिने दुसरी, बागेच्या बाजूची खोली नाकारली होती. चेहऱ्याला नेहमीची पावडर होती, केस चापून बसवलेले. मी तिच्या पायांशी बसून तिच्या नखांना रंग लावायला घेतला, कारण हात कामात असले की बोलणं सोपं जातं.

“आजी, आम्ही नदीवर गेलो होतो. वर्गातले सगळे.”

“टोपी घातली होतीस?”

“हो. मी वाळू टाकली.”

आजीने खिडकीकडे पाहिलं. “मासे असतात तिथे,” ती म्हणाली.

“एक बाई आहे आम्हाला शिकवायला. तिने बघितलं. मला म्हणाली, कुणाची गं तू.”

माझ्या हातातला तिचा पाय मागे गेला. रंगाचा ओघळ माझ्या बोटावर आला. “आधी पडदा ओढ,” आजी म्हणाली.

मी उठले. बाहेर एक पांढरी गाडी उभी होती, आत एक माणूस मांडीवर कागद पसरून पॅटीस खात होता. कुणाचा तरी मुलगा असेल, किंवा जावई. पडदा ओढण्याआधी मी त्याचा चेहरा नीट बघून घेतला. असं का केलं, ते मला त्याच वेळी कळलं.

“काय सांगितलंस तिला?”

“माल्टा.”

आजीने श्वास सोडला. किती वेळ धरून ठेवला होता कोण जाणे. “शहाणी माझी ती. घर कुठे विचारलं? बाबाचं नाव?”

“नाही.”

“परत विचारलं तर तेच सांगायचं. हसून सांगायचं. हसणाऱ्याला फार खोदून विचारत नाहीत.”

मला उत्तर मिळालं होतं. मिळालं की हायसं वाटेल, असं मी धरून चालले होते. उलट अंगावर काटा आला. बाहेर चहाची गाडी फिरत होती, कुणीतरी टीव्हीवर क्रिकेट लावलं होतं, आणि इथे ही ऐंशीच्या पुढची बाई कधीच मरून गेलेल्या माणसांपासून अजून लपून बसली होती, आणि मी तिला लपायला मदत करत होते. मी पुन्हा पायाशी बसले. आजीने पडदा नीट ओढलाय ना ते बघितलं. मग तिच्या तोंडून ते आलं, तिला न विचारता, माझ्या हाताने वाळू टाकली होती तसं.

“आणि ती? ती बाई कुणाची?”

त्या आवाजात मी आजीला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. तो पोरीचा आवाज होता.

“एल्मा पेडली.”

“पेडली,” ती म्हणाली. “रेनीची असेल. रेनी लग्न होऊन पेडलींच्या घरात गेली असं ऐकलं होतं. मोठ्याने हसते का?”

“हो. सगळं अंग हलवून.”

“मग रेनीचीच.” आजीचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. पावडर गेली असती. “त्या वस्तीत माझ्या शेजारच्या खाटेवर असायची. लांबच्या लांब खोली होती, पत्र्याची. माझे पाय थंडीत बर्फ व्हायचे. ती पाय इकडे टाकायची आणि माझे तिच्या पायांत धरून ठेवायची.” ती थांबली. तिने माझं मनगट पकडलं, दुखेल इतकं. “कुणाला बोलू नकोस. तुझ्या बाबाला तर नाहीच. त्याला नेतील.”

“आजी, बाबा पन्नाशीचे आहेत.”

“त्याला नेतील,” ती म्हणाली. मला हसू आलं नाही. त्या खोलीत बसून मलाही क्षणभर वाटलं की नेतील.

“मग गुरुवारी मी काय सांगू? सगळ्यांनी सांगायचंय.”

“तोंडाने माल्टा सांग,” आजी म्हणाली. “वाळू टाकताना मनात खरं सांग. ओठ हलले तर हलू देत. आवाज काढायचा नाही. पाणी कुणाकडे बोलत नाही.”

“तू मासे मोजायचीस ना?”

“हो,” ती म्हणाली. “मासेच मोजायचे मी.” मग तिने मला खाली ओढलं, कान तिच्या तोंडाशी घेतला, आणि पुन्हा एकदा पडद्याकडे बघून, तिचं खरं नाव आणि ती कुणाची ते मला सांगितलं.

गुरुवारी वारा होता, समुद्रावरून दुपारी सुटतो तो. झाडांच्या कागदासारख्या साली फडफडत होत्या. मी गर्दीत मागे उभी राहिले होते, पण गोल केल्यावर मागे कुणी राहत नाही. एकेक जण पुढे होऊन वाळू उचलत होता. कुणी व्हिएतनामचं निघालं, कुणी आयर्लंडचं. जोएल म्हणाला, “माझे स्कॉटलंडचे मेंढपाळ. आणि एक चोर. मेंढीच चोरली होती म्हणे.”

“चोर आहे होय?” मावशी म्हणाली. “मग तू आमच्या जुन्या ओळखीचाच!” सगळे हसले, जोएल कानापर्यंत लाल झाला आणि त्याने वाळू अशी फेकली की वाऱ्याने निम्मी त्याच्याच तोंडावर आली. आणि मग माझी पाळी होती. मी पुढे गेले, वाकले, वाळू उचलली. ती गार होती. एल्मा मावशी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होती. एवढं तिने माझ्यासाठी केलं, हे मला समजलं.

“माल्टा,” मी म्हणाले, आणि हसले. आजीने सांगितलं होतं तसं हसले. कुणी काही विचारलं नाही. मी वाळू काखेत चोळली आणि हात मागे घेतला. फक्त ओठ हलवायचे होते. लाखो वेळा माणूस मनात बोलतो, त्यात अवघड काही नाही. पण वाळू सुटली आणि तिच्याबरोबर आवाज सुटला.

“मी मर्टलची. क्लेम विंडरच्या मर्टलची नात.”

मोठ्याने नव्हतं ते. पण पाण्यावरून आवाज लांब जातो. त्याच क्षणी मागे रस्त्यावर आमच्या गाडीचं सरकतं दार धाडकन लागलं आणि मी खाली बसले. बसले म्हणजे काय, कोसळले. वाळूत उकिडवी, डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात डोक्यावर. टोपलीतल्या पोराने बसावं तशी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

“अगं, ड्रायव्हरने दार लावलं नुसतं,” जोएल म्हणत होता. “टेगन, दार होतं!”

मला मान वर करता येईना. आत एकच चाललं होतं: बोललीस, बोललीस, आता येतील. आजीने साठ वर्षं जे ओठांबाहेर जाऊ दिलं नाही ते मी वीस जणांसमोर ओतून टाकलं होतं. मग काठी वाळूत पडल्याचा आवाज आला आणि कुणीतरी धापा टाकत, कण्हत माझ्या शेजारी खाली बसलं. माझ्या पाठीवर जड, गरम हात आला.

“न्यॉर्न,” एल्मा मावशी म्हणाली. “न्यॉर्न, न्यॉर्न.”

ती बराच वेळ तशीच पाठीवरून हात फिरवत राहिली. 

“माझी आई,” ती म्हणाली, अगदी माझ्या कानाशी, “म्हातारपणी थंडी पडली की अंथरुणात पाय शोधायची. म्हणायची, मर्टलचे पाय गार पडले असतील गं. आम्ही म्हणायचो, आई, कोण मर्टल? मरेपर्यंत शोधायची.” तिचा हात माझ्या पाठीवर थांबला. “आहे? अजून आहे ती?”

मी डोकं वर केलं. सगळ्यात आधी मी रस्त्याकडे पाहिलं. आमची गाडी होती, ड्रायव्हर दाराला टेकून उभा होता, बाकी कुणी नव्हतं. घरात कोण कोण आहे, असंच तेव्हाही कुणीतरी दारात उभं राहून विचारलं असेल. मी मावशीचा हात घट्ट धरला, आवाज होता होईल तितका खाली आणला.

“आहे,” मी म्हणाले.